बर्फावरचं कोपर

मी गाड्या आपटतो. पोटापाण्यासाठी. मिशिगनमधल्या नोव्हायजवळ आमची लॅब होती. तिथे नवी गाडी भिंतीवर आपटायची आणि आत बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्याला किती झटका बसला ते मोजायचं, हे माझं काम. त्यामुळे डोकं या विषयावर माझी मतं ठाम होती, आणि मी मूळचा पुण्याचा असल्याने ती लोकांना न विचारताही मिळायची.

ऑफिसातले बाकी सगळे डेट्रॉइटच्या आसपास वाढलेले. दुपारी जेवताना आइस हॉकी सोडून त्यांना दुसरा विषय नसे. त्या हिवाळ्यात, बहुधा २००६ साल असावं, वाद एकच चालला होता: खेळताना कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर आदळलं तर त्याला सस्पेंड करायचं की नाही. ते म्हणायचे, खेळ आहे, लागणारच. मुद्दाम मारलं असेल तर बघू. मी डब्यातली पोळी तोडता तोडता सांगायचो, मुद्दाम की चुकून हे डोक्याला कळत नाही. आदळला ना, मग बसवा घरी. ते हसायचे. स्केट्स घालून ज्याला धड उभंही राहता येत नाही अशा माणसाचं हॉकीवरचं मत ते रोज ऐकून घ्यायचे, हा खरं तर त्यांचाच मोठेपणा.

हॉकी खेळायची ती माझी बायको. ती नागपूरची, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीच्या टीममधून मैदानावरची हॉकी खेळलेली. नोव्हायमध्ये तसं मैदान काही मिळेना, पण घरापासून दहा मिनिटांवर बर्फाची रिंक होती आणि तिथे नवशिक्या बायकांची लीग चालायची. पस्तिशी उलटल्यावर ती बर्फावर उतरली. पहिले दोन महिने उभी कमी आणि आडवी जास्त असायची. तिसऱ्या वर्षापर्यंत मात्र टीममध्ये तिच्याइतकं चपळ कुणी राहिलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात माझे सासरे आले. सगळ्यांचे आईवडील उन्हाळ्यात येतात. हे जानेवारीत आले, कारण लेकीच्या मॅचेस हिवाळ्यात असतात. नागपूरला शाळेत पी.टी.चे सर होते आणि तिला हॉकी त्यांनीच शिकवली होती. माकडटोपी, दोन स्वेटर आणि त्यावर माझं जॅकेट अशा थाटात ते रिंकवर माझ्याशेजारी बसायचे. "चेंडू नाही, गवत नाही, अन् हॉकी म्हणून राहिले," असं दर मॅचला एकदा म्हणायचे आणि मग शेवटपर्यंत डोळ्याची पापणी लवू द्यायचे नाहीत. सासूबाईंना थंडी सोसत नाही म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. त्यांना दाखवायला मी प्रत्येक मॅच कॅमकॉर्डरवर घ्यायचो.

मार्चमध्ये तिची टीम सेमीफायनलला पोचली. फायनल तिच्यासाठी काय होती ते सांगायला हवं, आणि त्यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिची टीम अशीच फायनलला गेली होती. नेमकं त्याच रविवारी पुण्याहून एक स्थळ तिला बघायला येणार होतं. मॅच खेळून येते म्हणून तिने वडिलांना परोपरीने विनवलं. माणसं एवढ्या लांबून येतायत, त्यांना ताटकळत ठेवायचं का, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. ती साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, आणि तिकडे तिची टीम हरली. ते स्थळ म्हणजे मी. हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. बापलेक त्यावर एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते, पण आता ती फायनल खेळणार आणि ते बघणार, एवढ्यासाठी दोघांचा जीव किती टांगणीला लागलाय हे मला दिसत होतं.

सेमीफायनल शेवटच्या पाच मिनिटांत आली आणि बरोबरीत होती. समोरच्या टीममधली एक पन्नाशीची बाई, शाळेच्या लायब्ररीत काम करणारी, बायकोकडून सारखी ती चेंडूऐवजी असते ती रबरी चकती काढून घेत होती. चौथ्यांदा दोघी कठड्यापाशी भिडल्या आणि ती बाई डोकं धरून खाली बसली, मग हळूहळू आडवी झाली. रेफ्रीचं लक्ष दुसरीकडे होतं. सासरेही त्याच वेळी थर्मासमधून चहा ओतत होते. बाईला दोघींनी धरून बाहेर नेलं, खेळ पुढे सुरू झाला आणि आमची टीम जिंकली. गाडीत बायको एवढंच म्हणाली, "लागलं रे तिला. चुकून लागलं."

दुसऱ्या दिवशी लीगच्या मॅनेजरचा फोन आला. हरलेल्या टीमने तक्रार केली होती आणि गुरुवारी मीटिंग ठेवली होती. चुकून लागलं असेल तर समज देऊन सोडायचं, मुद्दाम असेल तर तीन मॅच बाहेर, असा त्यांचा नियम. म्हणजे फायनल गेली. तुम्ही कायम शूटिंग करता, तेव्हाची टेप आहे का, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, बॅटरी संपली होती.

रोज दुपारी डोक्यावर प्रवचन झोडणारा मी हे खोटं इतक्या सहज बोलून गेलो की फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी उलटा फोन केला नाही.

उलट आपल्या पद्धतीने प्रकरण मिटवायचं ठरवलं. त्यांच्या घरी जायचं, वडीलधारं माणूस सोबत न्यायचं, हातात गोड काहीतरी ठेवायचं. मंगळवारी अर्धा दिवस रजा काढली, इंडियन स्टोअरमधून बेसनाचे लाडू घेतले, सासऱ्यांना माकडटोपीसकट गाडीत घातलं आणि त्या बाईच्या दारात उभा राहिलो. बायको ऑफिसात होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

बाईच्या नवऱ्याने आम्हाला आत घेतलं. भरदुपारी सगळे पडदे ओढलेले होते. उजेड सोसत नाही, असं तो म्हणाला. बाई सोफ्यावर टेकून बसली होती. अगदी गोड बाई. लाडू पाहून खूश झाली, सासऱ्यांना बसायला जवळ जागा करून दिली. मला विचारलं, मुलं किती तुम्हाला? मी म्हणालो, एक मुलगी. मग मी मुद्द्यावर आलो. हे माझे सासरे, लेकीची फायनल बघायला एवढ्या लांबून आलेत, चुकून झालं हो. ती लगेच म्हणाली, खेळात असं होतंच, माझी काही तक्रार नाही, मी आजच तसं कळवते. मला इतकं हायसं वाटलं. मग तिने विचारलं, मुलं किती तुम्हाला?

एक मुलगी, मी म्हणालो. नवरा कॉफी आणायला आत गेला. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद लावलेला होता: आज मंगळवार, कामावर जायचं नाही. कॉफी आली. ती तिच्या लायब्ररीबद्दल थोडं बोलली, वाक्य मध्येच सोडून माझ्याकडे हसून पाहिलं आणि म्हणाली, मुलं किती तुम्हाला?

लॅबमध्ये असा झटका बसला की पुतळ्याचं डोकं तपासून, खराब झालंच असेल तर बदलून, दुसऱ्या दिवशी आम्ही तोच पुतळा परत गाडीत बसवतो. मी इतकी वर्षं आकडे लिहीत आलो होतो, पण झटका बसलेल्या माणसासमोर कधी कॉफी प्यायला बसलो नव्हतो.

परतताना सासऱ्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिनं तीनदा विचारलं."

"हो बाबा."

"घरी जाऊन कॅसेट लावा, जावईबापू."

बॅटरी संपली होती असं त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. ते माझ्याशेजारीच तर बसले होते. मी कॅसेट लावली. त्यांनी तो भाग चारदा मागेपुढे करायला लावला. चौथ्यांदा तो भाग चालू असतानाच बायको ऑफिसातून आली आणि बूट न काढताच दारात थांबली.

"काय बघताय?"

मी तिला सगळं सांगितलं. लाडू, ओढलेले पडदे, तीनदा विचारलेला प्रश्न, तक्रार मागे घेणार असल्याचं. तिने पर्स खाली ठेवली. "मग झालं ना," ती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "चुकून लागलं होतं, बाबा."

सासरे टीव्हीकडेच बघत होते. "कोपर वर आहे तुझं."

"झटापटीत जातं वर."

"सात वर्षं मी तुझी कोपरं खाली ठेवून घेतली. दोरीनं काठीला बांधून ठेवून घेतली. चुकून झालं असतं ना बेटा, तर ते खालीच राहिलं असतं."

ती सोफ्याच्या हातावर टेकली आणि बूट काढायला लागली. एक काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "चारदा काढून घेतली रे तिने माझ्याकडून. मला वाटलं, हीपण फायनल जाणार." ते ती माझ्याशी बोलली, पण ऐकायचं ज्यांनी होतं त्यांनी ऐकलं.

गुरुवारी ती एकटीच गेली, कॅसेट घेऊन. त्या बाईचं पत्र आधीच पोचलं होतं आणि मॅनेजर प्रकरण बंद करायच्या बेतात होता. हिने टेबलावर कॅसेट ठेवली आणि सांगितलं, मुद्दाम केलं. माझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याची बॅटरीही संपली नव्हती, हेही सांगून आली. पुढे त्या मॅनेजरशी नजर भिडवायची पाळी आली की मी दुसऱ्या दाराने रिंकमध्ये जायचो.

घरी आल्यावर "तीन मॅच" एवढंच म्हणाली आणि बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज यायला लागला. ती रडते तेव्हा तिला एकटं सोडायचं असतं, हे मी इतक्या वर्षांच्या संसारात शिकलोय, म्हणून मी जिन्यापाशीच उभा राहिलो.

सासरे मात्र उठले. शाळेत तीस वर्षं शिट्टीवर पोरं बोलावणारा हा गृहस्थ; कुणाच्या दारावर टकटक करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन बोटांनी दार वाजवलं. मग दाराला तोंड लावून ते म्हणाले, "त्या रविवारी मी तुला खेळायला जाऊ द्यायला पाहिजे होतं."

आतला आवाज थांबला. मी दोन पावलांवर उभा होतो. त्या रविवारी त्यांच्या घरी पोहे खात बसलेला माणूस मीच, आणि माझ्या पायी तिची फायनल गेली हे माझ्यादेखत कबूल केलं जात होतं. वाईट वाटायला हवं होतं. पण दार उघडलं, ती वडिलांच्या गळ्यात पडली, आणि मलाही वाटलं की हो, जाऊ द्यायला पाहिजे होतं. मी थांबलो असतो.