कोदू आदरानं बोलली तेव्हा

सेक आणि गेय या दोन आडनावांची माणसं आमच्या केबेमेर गावात समोरासमोर आली की आधी शिवी, मग सलाम. गेयनं म्हणायचं, सेक हावरट. सेकनं म्हणायचं, गेय चोरटे. एकमेकाला गुलाम म्हणायचं, पुढ्यातला घास ओढायचा, आणि ज्याला टोमणा बसला त्यानं हसायचं. रागावला तो हलका. पणज्यांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय.

मासांबा सेक शिंपी होता. गल्लीच्या तोंडाला त्याचं दुकान, आत पायाचं मशीन, दारात चटई. समोर वाळूचा रस्ता ओलांडला की कोदू गेयची भाजक्या शेंगांची टोपली. दिवसभर या दोघांचं तोंड चालू. कापड शिवायला आलेली बाई माप द्यायचं सोडून ऐकत उभी राहायची.

"ए हावरटा, आज किती भात कोंबलास? मशीन वाकलंय बघ तुझ्या वजनानं!"

"तुझ्या शेंगा मोजताना तुझा अंगठा मापात असतो, चोरटे, आधी तो काढ."

मासांबाचा थोरला भाऊ बिराम वारला तेव्हासुद्धा कोदू मयताच्या घरात बसून म्हणाली होती, "सेक हाय तो. वर जाऊन पहिल्यांदा भाताचं भांडं कुठंय ते इचारंल." मासांबा रडता रडता हसला होता. घरातल्या बायाही हसल्या.

पण बिराम कसा गेला हे मासांबाच्या डोक्यातून हललं नाही. बिरामला साखरेचा आजार. आधी अंगठा काळा पडला. डाकारच्या मोठ्या दवाखान्यात अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटच्या वेळी मासांबा भेटायला गेला तेव्हा पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. त्या सपाट जागेकडं बघून तो आला, आणि त्या दिवसापासून त्यानं स्वतःच्या पायांकडं बघणं सोडलं. नमाजाआधी पाय धुवायचा तेही मान वर करून.

पुढं त्यालाही साखर निघाली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईनं गोळ्या दिल्या, भात कमी करा म्हणाली, चाला म्हणाली, पाय रोज तपासा म्हणाली. मासांबानं एवढंच केलं की चहातली साखर सोडली. आमच्याकडं चहाच्या तीन फेऱ्या होतात, तिसरी सगळ्यात गोड. तो तिसरीसुद्धा कडूच प्यायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "साखरेचा आजार हाय ना? मंग साखर सोडली. भातात कुठं साखर असती?" गोळी आठवली तर घ्यायचा. बायकोला, रोखायाला, सोडून त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण गल्लीत काय लपतंय?

कोदूला तर दिसायचंच. रस्ता ओलांडताना त्याचा उजवा पाय वाळूत ओढल्यासारखा यायचा. ती ओरडायची, "अरं ए, पाय उचल! का साखरेनं पाय खाल्ला तुझा? जा की दवाखान्यात, न्हाईतर तुला बी बिरामच्या शेजारी झोपवावं लागंल!"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मासांबा रात्रभर झोपला नसता. पण बोलली कोण, तर गेय. गेयचं बोलणं हसण्यावारी न्यायचं, ही आमची रीतच. मासांबा पोट धरून हसला आणि शेंगांची मूठ तिच्या टोपलीतून उचलून चालता झाला. तिला जे खरं सांगायचं होतं, ते असं शिवीच्या पोटात घालून सांगितलं की त्याला ते शिवीच वाटलं.

एक दिवस दुपारच्या जेवणाआधी तो चटईवर बसून कुणाच्या तरी झब्ब्याच्या गळ्यावर भरतकाम करत होता. निळा दोरा, लांब सुई. मध्येच नवा दोरा ओवला आणि सुई हातातून निसटली, दिसेना. खाली वाकून हातानं चाचपली, सापडली नाही, दुसरी घेऊ म्हणून उठला. उठला तो आधी शेंगा घ्यायला रस्ता ओलांडून कोदूकडं आला, अनवाणी.

त्याच्यामागं वाळूवर निळा दोरा सरपटत येत होता. एक कोंबडी त्या दोऱ्याला चोच मारत मागं मागं पळत होती.

कोदू हसून हसून टोपलीवर आडवी पडली. "बगा, बगा! सेकनं आज सोताच्या बुडाला शिवून घेतलं! अरं गुलामा, शेपूट फुटलं तुला!"

गल्ली हसली. मासांबाही हसला, गोल फिरून शेपूट शोधायला लागला. कोंबडीनं दोरा धरून हिसका दिला. दोरा ताणला गेला आणि त्याच्या उजव्या टाचेपाशी थांबला.

कोदूनं वाकून बघितलं. सुई अर्ध्याहून जास्त टाचेत गेली होती. आजूबाजूला वाळूला चिकटलेलं रक्त. आणि हा बाबा अजून हसत होता.

ती सावकाश उभी राहिली. डोक्याचा रुमाल नीट केला. तोंडावरचं हसू पार गेलं.

"मासांबादादा," ती म्हणाली, "तुमच्या पायात सुई हाय. तुम्ही खाली बसा."

मासांबाचं हसू तिथंच विरलं. कोदूनं जन्मात त्याला दादा म्हटलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. भावाच्या मयतात जिनं थट्टा सोडली नाही, ती आज त्याच्याशी अशी बोलत होती जसं मौलवीशी बोलतात.

"ए चोरटे," तो म्हणाला. "काय गं हे? नीट बोल की."

"बसा दादा. हलू नका."

तो वाळूतच बसला. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला. त्याला कळलंच नाही की पाय धरलाय, तिच्या हाताकडं बघितलं तेव्हा कळलं. मग किती दिवसांनी, किती महिन्यांनी, त्यानं स्वतःचा तळवा बघितला. सुई होतीच. तिच्या शेजारी एक जुनी जखमही होती, गोल, कडा पांढऱ्या, मधे ओली. ती कधी झाली, कशानं झाली, काही पत्ता नाही.

"दुखतंय का दादा?"

त्यानं मान हलवली. दुखत नव्हतं. तेच तर भयंकर होतं. दुखलं असतं तर तो ओरडला असता आणि जीव मोकळा झाला असता.

घोडागाडीत घालून त्याला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाईनं सुई काढली, जखम धुतली, तळव्याला नख दाबून दाबून विचारलं, इथं कळतंय का, इथं? कुठंच नाही. ती म्हणाली, "जुनी जखम खोल आहे. साखर खाली आली तर भरेल. नाही आली तर मी इथं काही करू शकत नाही, डाकारला पाठवावं लागेल." डाकार हा शब्द ऐकला आणि मासांबाला ते सपाट पांघरूण दिसलं.

पाय टेकायचा नाही, मशीन चालवायचं नाही, पट्टी रोज बदलायची, गोळी चुकवायची नाही. हे सगळं तो एखाद्या भेदरलेल्या पोरासारखं ऐकायचा. पट्टी सोडताना रोखायाकडं बघून विचारायचा, "काळं पडलंय का? खरं सांग." ती म्हणायची, "तांबडं हाय." मग तो श्वास सोडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खरी अडचण भाताची झाली. आमच्याकडं सगळं घर एका मोठ्या परातीभोवती बसून जेवतं. मासा, भाजी, खाली भात, आणि प्रत्येकानं आपल्या पुढ्यातलं खायचं. रोखायानं पहिल्या दिवशी त्याला वेगळं ताट वाढलं, मूठभर भात, ढीगभर कोबी-वांगं. त्यानं ताट ढकललं.

"वेगळं ताट? मी काय महारोगी हाय? का घरात भांडण झालंय माझं?"

"अवो, मोजून खाता यावं म्हणून."

"मेलो तर परातीतच हात घालून मरीन!"

दारातून कोदू आत आली. बोलावलं नव्हतं. हात धुतले आणि परातीपाशी थेट त्याच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसली. बोटानं त्याच्या पुढ्यातल्या भातात रेघ ओढली. अलीकडचा मूठभर त्याचा, पलीकडचा सगळा तिनं स्वतःकडं ओढला. रोखायाला म्हणाली, "भाजी टाक गं त्यांच्या पुढ्यात. मासा बी."

गेयनं सेकच्या पुढ्यातलं ओढलं तर सेकला काही बोलता येत नाही. मासांबा गप्प खाऊ लागला. वेगळं ताटही नाही, आणि जास्तीचा भातही नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोजच. तिची शेंगांची टोपली दुपारी तेवढा वेळ उघडी पडायची, कुणी उचलून खाल्ल्या तरी तिनं विचारलं नाही.

पण बोलायची अजून तसंच. "घ्या दादा. पाणी घ्या दादा." एकदा तो अगदी रडकुंडीला आला.

"कोदू, एक शिवी दे गं. एकच. तू दादा म्हणतीस आन मला वाटतं, माझी कबर खणून ठेवलीस."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "मलाच भ्या वाटतंय, दादा. शिवी तोंडातून निघंना," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याला कळलं की ती त्याला घाबरवत नव्हती. ती त्याच्याएवढीच घाबरली होती.

मग असं झालं की परातीत तांदळाऐवजी बाजरीची भरड आली, तिचीही रेघ ठरली. सकाळचा गोड पाव गेला, त्याजागी किंकेलिबाच्या झुडपाचा पाला चहासारखा उकळून, बिनसाखरेचा आला. एका दुपारी कुणाचं लक्ष नाही असं बघून मासांबानं परातीत आलेली, भांड्याच्या तळाची करपलेली, तेलकट खरवड हळूच उचलली. कोदूनं त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"ठेव ती खाली, हावरटा! जन्माचा भुकेला! सेकच्या जातीला लाज म्हणून न्हाई!"

सगळी परात थांबली. मासांबानं खरवड खाली ठेवली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कोदूच्याही. मग दोघं खाली मान घालून खायला लागले.

जखम भरली. नर्सबाईनं पट्टी काढून टाकली. आता चालायचं, म्हणाली, रोज, पण बंद बुटात, वाळूत अनवाणी कधीच नाही. मासांबानं तिला एकच विचारलं.

"पाय परत जागा व्हईल का?"

"नाही," ती म्हणाली. "गेलेलं कळणं परत येत नाही."

"मंग पुढची जखम झाली ते मला कळंल कसं?"

"कळणार नाही. बघावं लागेल."

घरी आला तेव्हा उन्हं अजून उजळ होती. गल्ली भरलेली होती. तो दारातल्या चटईवर बसला, बूट काढले, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि तळवा वर करून बघू लागला. बोटांच्या फटी, टाच, कडा, सगळं. येणारेजाणारे सलाम करत होते. तो उत्तर देत होता, पण मान वर करत नव्हता. उजवा झाला, मग त्यानं डावा उचलला.