नरेशदादा आणि न उघडणारी इमेज

नरेशदादा गेल्याचा फोन वरशाला, माझ्या गावी, शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं ते लाजिरवाणंच होतं... आता त्याला खरं सांगणार कधी? चार वर्षं मी एक गोष्ट लपवली होती.

रोह्याच्या कंपनीत आम्ही दोघंच कॉम्प्युटरवाले. दादा पेणहून एसटीने येई. कुठल्या टाकीत काय, कधी सोडायचं हे सांगणारा प्रोग्रॅम त्याने तीन वर्षं खपून लिहिला होता. त्या भाषेची तऱ्हाच न्यारी. चालू प्रोग्रॅम मेमरीत असेल तसाच्या तसा एका फाइलमध्ये साठवायचा, तिचं नाव इमेज. ती फ्लॉपीवर मावत नसे, म्हणून दुसरी प्रत काढायचा दोघांनाही कंटाळा. पुढे नवं मशीन आलं आणि इमेज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही. दादा जेवायला गेला असताना मी शहाणपणा करून इमेज तिथे उघडली. जुनी आहे, नव्या पद्धतीची करू का, असं पडद्यावर आलं. मी हो म्हटलं आणि त्याच नावाने सेव्ह केली. मग ती ना नव्यावर उघडेना, ना जुन्यावर.

मी प्रोबेशनवर होतो, नोकरी जाणारच. साहेबांनी विचारलं, "कोणी सेव्ह केली?" दादा म्हणाला, "ते मागनं बघू साहेब. आधी उघडू दे."

त्याच्या घरी गणपतींचा कारखाना. मला म्हणाला, "घाबरतोस कशाला? आमच्याकडं मूर्ती फुटली तर कुनी रडत नाय. साचा हाय ना!" साचा म्हणजे बदलांची नोंद-फाइल. कोणी कधी काय लिहिलं, कोणी कधी सेव्ह केलं, सगळं तिच्यात आपोआप साध्या अक्षरांत उतरे. नव्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली कोरी इमेज उघडून त्याने त्या नोंदी एकेक करून तिला भरवल्या. कुठे अडलं की हाताने दुरुस्त करी. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर सगळ्या टाक्या दिसल्या आणि मी खुर्चीत बसकण मारली. साहेबांनी पुन्हा विचारलं, तर दादा नोंदींचे छापील कागद त्यांच्यापुढे ठेवत म्हणाला, "कुनी सेव्ह केली ते नोंदीत काय दिसत नाय." माझ्या नशिबाने त्याच्या नजरेतून सुटलं, असं मी धरून चाललो. कबूल करायला मात्र जीभ रेटली नाही.

गेल्या आठवड्यात पेणला गेलो. वहिनींनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. "भाऊजी, हे तुमच्या कंपनीचं. रद्दीत टाकायला मन होत नाय."

साहेबांना दाखवायला काढलेली नोंदींची छापील प्रत होती ती. त्या दिवसाचं पान उघडलं. सकाळच्या साऱ्या ओळी दादाच्या नावाच्या. जेवणाच्या सुट्टीतली एकच ओळ कापून काढलेली, पट्टी धरून कापावी तशी सरळ, आणि मागून चिकटपट्टी लावून कागद नीट जोडलेला. ती माझ्या नावाची ओळ होती. इतकं हलकं वाटलं की वहिनींसमोरच हसू फुटलं, डोळे भरले ते नंतर. चार वर्षं हा माणूस, काहीच ठाऊक नसल्यासारखा, रोज माझ्यासमोर बसून माझ्याच डब्यातली सुकट खात होता.