पंखावरचं ठिगळ

बायकोचे मामा महिन्यातून एकदा उंब्रजहून एसटीने मिरजेला डोळे दाखवायला येत आणि परतीच्या वाटेवर सांगलीत आमच्याकडे जेवत. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला होता. उजव्याची नजर कडेकडून आत मिटत आली होती. समोरचं दिसे, बाजूचं नाही. अजून किती दिवस दिसेल असं विचारलं की डॉक्टर थेंबांची नवी बाटली लिहून देत.

मामा हवाई दलात फिटर होते. इंजिनाचे नव्हे, सांगाड्याचे: पत्रा, रिव्हेट, पंख, चाकं. निवृत्त होऊन गावी आले, आल्याची शेती केली आणि विमानांविषयी फारसं कधी बोलले नाहीत. मी सांगलीतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढणं हे माझं काम. फावल्या वेळात प्लास्टिकच्या किटमधून विमानांच्या प्रतिकृती जोडायचो; निवृत्तीनंतर रोजच. हॉलमधल्या काचेच्या कपाटात चौदा विमानं उभी होती. इतकी वर्षं मामा त्या कपाटाजवळून जेवायला आत जात, पण त्यांनी कधी मान वळवली नव्हती.

एका दुपारी वळवली. काचेला नाक टेकवून त्यांनी डोकं डावीउजवीकडे हलवत एकेक विमान त्या उरलेल्या नजरेत आणलं.

“ह्यात माजं इमान न्हाई.”

“कोणतं होतं मामा?”

त्यांनी मिगचा नेमका प्रकार सांगितला आणि शेपटीवरचा नंबर, रेशनकार्डाचा सांगावा तसा, न अडखळता.

“करून द्याल का जावई? पर बिगीनं. दिसतंय तवर एकदा बघावं म्हणतो.”

मी हो म्हणालो. हात धुऊन पाटावर बसताना त्यांना आणखी एक आठवलं.

“डाव्या पंखावर वरल्या अंगाला ठिगळ हाय. वीतभर लांब, टीचभर रुंद. सोळा रिव्हेट. त्ये माज्या हातचं हाय. त्येवढं इसरू नका.”

मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे. ‘डावा पंख, वरची बाजू, ठिगळ, सोळा’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

किट पुण्यातल्या एका जुन्या दुकानात मिळालं. बत्तीसाचं प्रमाण, म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तीस इंचांना इथे एक इंच. जोडल्यावर विमान हातभर लांब होणार होतं. खोक्याचे कोपरे फाटले होते, आतलं प्लास्टिक जुन्या साच्यातून काढलेलं. त्या काळच्या साच्यात पत्र्यांचे सांधे उठावाच्या रेषांनी दाखवत आणि रिव्हेट बाजरीच्या दाण्यासारखे वर आलेले असत. खऱ्या विमानावर सांधा म्हणजे बारीक खाच असते. त्यामुळे या छंदात एक रीत आहे: उठाव दिसला की घासून काढायचा आणि त्याच जागी पट्टी धरून सुईने खाच कोरायची. जो हे करत नाही त्याच्या विमानाला बाकीचे खेळणं म्हणतात.

मी पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन बसलो. सगळे उठाव घासायला आणि खाचा कोरायला तीन आठवडे गेले.

पुढच्या खेपेला मामा आले तेव्हा दाखवण्यासारखा एक पंख होता. त्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला.

“एकच?”

“बाकीचं चाललंय.”

“आवं, आमी अख्खं इमान खोलून जोडायचो येवढ्यात.”

“तुम्ही दहा जण होतात मामा.”

“आन आफिसर डोक्यावर.” ते हसले. “तुमच्या डोक्यावर कोन न्हाई, त्येचा हा घोळ.”

किटमधली वैमानिकाची खुर्ची ओबडधोबड होती, म्हणून मी परदेशातून रेझिनची खुर्ची मागवली. तिचे पट्टे, कॉकपिटमधल्या कळा आणि चाकांच्या दारांच्या बिजागऱ्या यांसाठी पितळी पत्र्यावर कोरलेले भाग मागवले. शिवाय त्या विमानावर निघालेलं एक जाडजूड संदर्भपुस्तक. पार्सल कस्टममध्ये अडकलं. मी रोज फोनवर त्याची जागा बघत होतो आणि रोज ती तीच होती.

“त्यातली खुर्ची बसवा ना तोवर,” बायको म्हणाली.

“ती चुकीची आहे.”

“किती चुकीची?”

“पाठ दोन मिलिमीटर बुटकी आहे.”

“मामांचे डोळे थांबणार आहेत का तुमच्या दोन मिलिमीटरसाठी?”

किटमधली ती खुर्ची आताही खोक्यात पडून आहे.

त्यानंतरच्या खेपेला मामांनी ताटातली वाटी शोधायला हात फिरवला. जेवण झाल्यावर जोडलेला सांगाडा मी त्यांच्या समोर धरला. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

“रंग तरी मारा. पांढऱ्याव पांढरं काय दिसायचं?”

मी म्हणालो, पुस्तक आलं की रंगाची छटा नक्की होईल. एसटी स्टँडवर त्यांना गाडीत बसवताना पायरी कुठे आहे हे मला सांगावं लागलं.

पुस्तक आलं. त्यात मामांनी सांगितलेल्या नंबरच्याच विमानाचे दोन फोटो होते, दोन निरनिराळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी काढलेले. नंबर पक्का होता. माझा मामांच्या स्मरणशक्तीवरचा विश्वास वाढला, आणि मग मी भिंग घेऊन ठिगळ शोधलं. दोन्ही फोटोंत डावी बाजू होती. ठिगळ नव्हतं.

डेस्कवर आम्हाला एक नियम होता. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट, ती कितीही चांगल्या माणसाने सांगितली तरी, दुसऱ्या ठिकाणाहून खात्री झाल्याशिवाय छापायची नाही. इथे दोन साक्षी एका बाजूला होत्या आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाची आठवण दुसऱ्या बाजूला. ठिगळ दुसऱ्या एखाद्या विमानावर असेल, असं मी ठरवलं. ते वगळलं. मामांना विचारलं नाही. फोनवर एक मिनिटाचं काम होतं.

रंग झाला, नंबर आणि खुणा छापलेली पातळ डिकल पाण्यात भिजवून चिकटवली, नाकापुढची सुईसारखी नळी पितळेची बसवली. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत बिनचूक विमान होतं. मामांची वाट पाहिली. ते आले नाहीत. मामींचा फोन आला: डॉक्टरांनी आता महिन्याच्या महिन्याला यायची गरज नाही म्हणून सांगितलंय.

मी बुटांच्या खोक्यात कापूस घालून विमान उंब्रजला नेलं. मामा पडवीत खाटेवर बसले होते. चप्पल वाजली तशी त्यांनी मान वर केली, पण माझ्यापासून हातभर बाजूला.

“कोन, जावई? इमान आणलंसा?”

“आणलं.”

“उजेड कळतो. बाकी न्हाई,” त्यांनी सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. “द्या हिकडं.”

मी विमान त्यांच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं. त्यांनी आधी वजन केलं. मग शेपटी धरून नाकापर्यंत बोटं नेली. पितळी नळी वाकली. चाकाच्या दाराची एक बिजागरी निघून मामींच्या लुगड्यावर पडली. त्या जवळ वाकून बसल्या होत्या. त्यांनी ती चिमटीत उचलून मला दिली.

“काय मोडलं काय माज्या हातनं?”

“नाही,” मी म्हणालो.

डाव्या पंखावर त्यांचा अंगठा थांबला. पुढे गेला, मागे आला, टोकापर्यंत जाऊन परत आला. पंख काचेसारखा गुळगुळीत होता. मी तो तसा केला होता.

“ठिगळ कुटं हाय?”

मी पुस्तकाचं सांगितलं. दोन फोटो, दोन्ही डाव्या बाजूचे, कुठेही ठिगळ नाही.

“फोटूवाला हुबा कुटं होता?”

“खाली. धावपट्टीच्या कडेला असणार.”

“मंग? त्येनं खालनं बघितलंय. म्या वर चढून ठोकलंय.” त्यांनी विमान मांडीवर ठेवलं. “माजा इस्वास न्हवता व्हय?”

मी ती बिजागरी रुमालात गुंडाळू लागलो. मामी म्हणाल्या, “आवं, पाव्हण्यास्नी च्या तरी पिऊ द्या,” आणि आत गेल्या. मामांनी पंखावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि विमान माझ्याकडे दिलं. ते ठेवून घेतील अशी माझी समजूत होती.

घरी येऊन पुस्तक उघडलं. दोन्ही फोटोंत कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर होता. त्या उंचीवरून मिगचा पंख सुरीच्या पात्यासारखा कडेनेच दिसतो. वरची बाजू दिसतच नाही. माझ्या दोन साक्षींपैकी एकीनेही ती जागा पाहिली नव्हती. डेस्कवर एखाद्या बातमीदाराने असा पुरावा आणला असता तर ‘तू कुठे उभा होतास’ हे मी पहिलं विचारलं असतं.

ठिगळ करायला घेतलं. वीतभर आणि टीचभर म्हणजे बत्तीसाच्या प्रमाणात सात मिलिमीटर बाय पाच. खऱ्या पत्र्याची जाडी त्याच हिशोबाने धरली तर चपाती गुंडाळायच्या फॉइलचे दोन पदर पुरत होते. कापून पंखावर ठेवलं. डोळ्यांना बरोबर दिसत होतं. मग डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. रिव्हेटांचंही तेच, नेमक्या मापाचे केले तर ते हाताला नव्हतेच. घासून काढलेले बाजरीचे दाणे तेव्हा आठवले. ते मापात चुकीचे होते, पण मामांच्या अंगठ्याला प्रत्येक दाणा लागला असता.

शेवटी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला. प्रमाणाच्या कितीतरी पट जाड. मागून सुई टोचून कडेने सोळा उठाव काढले आणि डाव्या पंखावर, वरच्या बाजूला, पक्का चिकटवला. रंगवला नाही. वाकलेली नळी काढून टाकली आणि तिच्या जागी दाभणाचा तुकडा बसवला. कुठल्याही स्पर्धेत ते विमान दारातूनच परत पाठवलं असतं.

दुसऱ्यांदा उंब्रजला गेलो तेव्हा मामा त्याच खाटेवर होते. या वेळी मी काही सांगितलं नाही. विमान हातात दिलं. अंगठा सरळ डाव्या पंखावर गेला आणि थांबला. मग त्यांनी अंगठ्याचं नख ठिगळाच्या कडेला लावलं आणि पुटपुटत मोजायला सुरुवात केली. मामी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“पंधरा,” मामा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. कोपऱ्यातला एक उठाव चिकटवताना माझ्या बोटाखाली दबला होता. डोळ्यांना त्याची खूण दिसत होती, नखाला नव्हती.

“एक दबलाय मामा. नेऊन बदलून आणतो.”

“ऱ्हाऊ द्या.” त्यांनी विमान छातीशी ओढलं. “माजाबी एक ढिलाच बसला हुता. कुनाला सांगितला न्हाई मी.”

“आता सांगितलासा की,” मामी दारातून म्हणाल्या. “आन हे ठिवायचं कुटं? खाली ठिवलं तर पोरंबाळं पंख उपटत्याली.”

“माज्या उशाला.”

त्यांनी विमान परत दिलं नाही. चहा त्यांनी एका हातानेच घेतला.