मांडवाच्या झाडावरचे पिंगळे

निसर्गाचे फोटो काढते म्हटलं की लोक मला आधी वाघाचं विचारतात. बोरचं जंगल जवळ आहे, त्यांचंही चूक नाही. पण वाघाची काळजी करायला पुष्कळ माणसं आहेत. मी गावातल्या पाखरांकडे बघते. सेलूत आमचा फोटो स्टुडिओ आहे. शिकवलं कुणी नाही, लग्नाचे फोटो काढता काढताच हात बसला. लग्नांवर घर चालतं, आणि सकाळ माझी नि पाखरांची.

तर त्या उन्हाळ्यात ओळखीतला एक शेतकरी मुलीच्या लग्नाचे फोटो ठरवायला आला. त्याच्या अंगणात मोठा कडुनिंब, आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची पिल्लं. पिंगळा म्हणजे लहानसं, पिवळ्या डोळ्यांचं घुबड. मी रोज सकाळी तिथे जाऊन बसायची. सगळं ठरलं आणि उठता उठता हा म्हणतो, "मावशी, थो निंब तोडून राह्यलो बरं मी. मांडवाच्या आधी."

"काऊन रे बाबू?"

"घुबड बोंबलते त्याच्यावर. लगनाचं घर हाय, पावणे काय म्हणतीन?"

"ढोलीत पिल्लं हायेत."

"मंग?"

"मंग तोडजो. अन् फोटोले दुसरा माणूस पाह्यजो. मी नाई येत."

तो हसला. मग माझं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. त्याच्या स्वतःच्या लग्नाचे फोटोही मीच काढलेत, मावशी उगाच बोलत नाही हे त्याला ठाऊक.

संध्याकाळी नवरी स्वतःच आली. मी तिला काही समजवायला बसले नाही, सरळ कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. ढोलीच्या तोंडाशी तीन पिल्लं खांद्याला खांदा लावून बसलेली, मधल्याची मान पार वाकडी.

"मायबाई! हे आमच्या अंगणातले?"

"तुह्याच."

"मले वाटे, एखादं बुढं घुबड असन." ती किती वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबाले मी पाह्यतो."

काय पाहिलं कोण जाणे, झाड राहिलं. मग मी आणखी पाय पसरले. झाडावर लाइटच्या माळा नको म्हटलं, साउंडचे डबे पार फाटकाशी ठेवायला लावले. डेकोरेशनवाला फार कुरकुरला.

लग्नाच्या संध्याकाळी पिंगळा फांदीवर येऊन ओरडलाच. वऱ्हाडातल्या एका आजीनं कपाळाला आठ्या घातल्या, "हे काय अभद्र!" मी बापाकडे पाहिलं. तो पाण्याचे ग्लास वाटता वाटता थांबला. म्हणाला, "आमच्या घरचेच हायेत थे, आजी. पोरीच्या आधीपासूनचे."

पोरगी सासरी गेली आणि तिकडून फोन करून बापाला विचारू लागली, पिल्लं उडाली का? मग त्याला झाडाखाली जाऊन बघावंच लागे. एक दिवस सकाळीच त्याचा मला फोन.

"मावशी, दोन उडाले. एक खाली पडलं हाय, बसून राह्यलं निस्तं. लवकर ये!"

"उडणं शिकून राह्यलं थे. हात नको लावजो. त्याचे मायबाप पाहून घेतीन. तू फक्त मांजर आलं तं हाकल."

मी पोहोचले तर हा झाडाजवळ खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसलेला. आधी त्याचाच फोटो काढला.