सत्तरभाऊंना सावलीत ठेवा

माझ्या क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये बीपीला रकाना आहे, शुगरला आहे, शेवटी ‘रिमार्क्स’ला पण आहे. आमच्या फायर टीमच्या गोष्टी मात्र त्यात कुठेच बसत नाहीत. त्या नुसत्या साठत जातात. मग शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की पार्किंगमध्ये चहाचा थर्मास उघडतो आणि कोणीतरी म्हणतं, “सिस्टर फिलू, ती बाटलीची सांग ना.” एक सांगितली की दुसरी आठवतेच. शेवटची मी टाळते. आज सांगणार आहे, पण मध्येच कोणी हसायचं नाही.

आधी टीम काय ते ऐका. इथे आखातात, समैस्माला आमच्या कंपनीचं कम्पाउंड आहे, पन्नासेक व्हिला. आग लागली तर सरकारी बंब येतो, आणि झटपट येतो, पण तो येईपर्यंत हातावर हात ठेवून कसं बसणार? म्हणून आम्ही सहा व्हॉलंटियर. दर शनिवारी सकाळी ट्रेनिंग, पगार काही नाही, वर घरच्यांची बोलणी. टीम लीडर बावतीस अंकल, माझ्यासारखेच वसईचे. ऑफिसात स्टोअर बघतात, पण तरुणपणी जहाजावर आगीचं काम शिकलेले. मी कंपनीची नर्स, म्हणून माझी जागा दारात. आत कोण गेला, किती वाजता गेला, हवा किती उरली, सगळं माझ्या बोर्डवर. आणि बोर्ड सोडून हलायचं नाही, हा अंकलचा पहिला नियम.

*

आता सेट. धुरात जाणारा माणूस पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो ना, तोच सेट, त्याला एक छोटं यंत्र लटकवलेलं असतं. त्याची पिवळी चावी काढून माझ्याकडे दिली की ते जागं होतं. माणूस हलत राहिला तर ते गप्प, हिरवा दिवा लुकलुकत राहतो. वीस सेकंद हलला नाही तर ते चिवचिवतं. तीस सेकंद झाले की असं किंचाळतं की दात शिवशिवतात. म्हणजे आत कोणी पडला तर बाहेर कळावं. बंद करायचं तर तीच चावी पाहिजे, आणि चावी माझ्या बोर्डवर.

त्यामुळे आमच्या टीमला एक खोड लागलीय. उभं राहिलं की दर पंधरा-वीस सेकंदांनी कंबर हलवायची. सेट पाठीवर असो नसो. बावतीस अंकल कम्युनियनच्या रांगेत डुलतात. त्यांच्या बायकोने एकदा मला विचारलं की ह्यांना मणक्याचं काही झालंय का, एक्स-रे काढायचा का. मी म्हटलं, काकी, काळजी नको, ते जिवंत आहेत एवढंच सांगतायत.

मी स्वतः अल दुहैलला मुलाच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला डुलले. टीचरने खुर्ची दिली.

*

टीममध्ये एकच माणूस डुलायचा नाही. प्रकाश. लातूरचा, आमच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या फायली सांभाळतो, स्वभावाने लोणी. मास्क चढवला आणि धूर दिसला की हा गोठायचा. पळायचा नाही, ओरडायचा नाही, भिंतीला हात लावून नुसता पुतळा. तीस सेकंदांनी सेट किंचाळायचा आणि बिजू, म्हणजे त्याचा केरळचा जोडीदार, त्याला बखोट धरून बाहेर आणायचा.

तीनदा झालं. चौथ्यांदा अंकलने त्याला बाजूला घेतलं. आवाज न चढवता सांगितलं की गोठणारा माणूस आपल्याबरोबर जोडीदारालाही घेऊन बुडतो, पुढच्या वेळी तुझा सेट वाजला तर तू टीममध्ये नाहीस.

संध्याकाळी प्रकाश क्लिनिकला आला. मला वाटलं बीपी बघायचं असेल. त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्याच्या सात वर्षांच्या मुलीने शाळेत चित्र काढलं होतं. पिवळ्या कपड्यातला माणूस, हातात पाइप, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘माय पपा इज अ फायरमॅन’.

“वर्गात सगळ्यांना दाखवलंय ओ सिस्टर तिनं,” तो म्हणाला. “आता तिला काय सांगू?”

मी कागदाची घडी घालून तो त्याच्या खिशात परत ठेवला.

*

सत्तरभाऊंची ओळख राहिलीच. चौदा नंबरचा व्हिला रिकामा असतो, तिथे आम्ही मशीनने धूर करून ट्रेनिंग घेतो. आत एक बाहुला ठेवतो, माणसाएवढा, सत्तर किलोचा, निळा बॉयलर सूट घातलेला. तो शोधायचा आणि ओढून बाहेर आणायचा. बाकी सगळे त्याला डमी म्हणायचे. प्रकाशने पहिल्याच दिवशी ‘सत्तरभाऊ’ म्हटलं, आणि तेच नाव पडलं. तो त्यांना अहो-जाहो करतो. ओढताना डोकं उंबऱ्याला आपटलं तर सॉरी म्हणतो.

अंकलचा दुसरा नियम असा की ज्याला बाहेर काढलं त्याला उन्हात टाकायचं नाही. मग तो कापडाचा का असेना. मागच्या अंगणात एक बोरीचं झाड आहे, त्याच्या सावलीत कुशीवर निजवायचं आणि उशाशी पाण्याची बाटली ठेवायची. हाताला वळण पडतं, अंकल म्हणतात.

एका शनिवारी ट्रेनिंग संपलं, आवरायला मागे गेलो, तर सत्तरभाऊंच्या उशाची बाटली अर्धी. मी स्वतः सील न फोडलेली ठेवली होती. सगळे बिजूवर घसरले. बिजू बिचारा आईची शपथ घ्यायला लागला. तो उन्हाळ्यातसुद्धा जिऱ्याचं कोमट पाणीच पितो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अंकल पुढच्या शनिवारपासून दोन बाटल्या ठेवायला लागले.

*

आता कॉफीची. ट्रेनिंग आटोपून आम्ही पाच जण पिकअपमधून निघालो होतो. सत्तरभाऊ मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, कारण त्यांना धुवायला न्यायचं होतं. कम्पाउंडच्या बाहेर गावातल्या एका घराचा ड्रायव्हर हात करत धावत आला, धूर, धूर! आम्ही एक्स्टिंग्विशर घेऊन आत शिरलो. बघतो तर घरातल्या आजींनी एवढा ऊद जाळलेला की अलार्म वाजत होता. लेकीच्या साखरपुड्याची तयारी.

आजी हसून हसून बेजार. तशा सोडतील कशा? बसवलं, खजूर आले, वेलदोड्याची कॉफी आली. त्यांनी कप मांडले सहा. आम्ही पाच.

बावतीस अंकलला इतक्या वर्षांत अरबी बऱ्यापैकी येते. ते म्हणाले, आम्ही पाचच आहोत. आजींनी दाराकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. अंकलचा कप तोंडाशी थांबला. मग त्यांनी मान डोलावली, शुक्रन म्हणून आभार मानले, आणि सहावा कप स्वतः उचलून दाराच्या पायरीवर ठेवून आले.

गाडीत बसल्यावर मी खनपटीलाच बसले. तेव्हा सांगितलं त्यांनी. आजींनी विचारलं होतं, तो निळ्या कपड्यातला आत का येत नाही, त्याचा हात दुखतोय का?

कम्पाउंडमध्ये येऊन ताडपत्री काढली. सत्तरभाऊंचा उजवा हात खांद्यापासून उसवला होता. गाडीत चढवताना धड होता.

*

हात शिवायचं काम अर्थात माझ्याकडे. क्लिनिकच्या मागच्या खोलीत त्यांना टेबलावर घेतलं, गोणी शिवायची मोठी सुई आणि काळा दोरा आणला आणि बसले टाके घालत. दार लोटायचं राहिलं. अकाउंट्सचे एक साहेब बीपी दाखवायला आले. त्यांना दिसलं काय, तर सिस्टर तोंडात दोरा धरून माणसाचा दंड शिवतेय. “नंतर येतो, आता नॉर्मल वाटतंय,” म्हणाले. अजून आलेले नाहीत.

प्रकाश पण आला होता बघायला. टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाला, छान शिवलाय, आता ओढताना जपलं पाहिजे. मग मी सत्तरभाऊंना क्लिनिकच्या स्टोअरमध्ये ठेवलं, सलाइनच्या खोक्यांशेजारी, आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. हे लक्षात ठेवा.

*

पुढचा शनिवार. सकाळचे अकरा. आम्ही चौदा नंबरसमोर सेट मांडत होतो. प्रकाशची शेवटची संधी होती, तो सकाळपासून घुटकाभर पाणीसुद्धा प्यायला नव्हता. आणि व्हिलातून धूर यायला लागला. मशीन तर अजून गाडीत होतं.

खरी आग. मागाहून कळलं, वरच्या मजल्यावरच्या जुन्या एसीची वायर जळाली. अंकलने बंबाला फोन केला आणि सगळ्यांना मागे व्हा म्हणाले, रिकामं घर आहे, जळू दे. तेवढ्यात गेटवरचा सिक्युरिटी, तेज, ओरडत आला. वर खिडकीत माणूस आहे. एकच हात हलवतोय.

माणूस आहे म्हटल्यावर थांबता येत नाही. बिजू आणि प्रकाश तयारच होते. अंकलने प्रकाशकडे बघितलं. प्रकाशने चावी काढून माझ्या हातात दिली. त्याचा हात बर्फासारखा गार होता. मी वेळ लिहिली आणि दोघं आत गेले.

सहा मिनिटांनी बिजू एकटाच बाहेर आला. जिन्यात धूर इतका दाट की प्रकाशचा हात सुटला. अंकल सेट चढवायला लागले. मी कान टवकारून उभी. किंचाळी आली की तो कुठे आहे ते कळणार होतं. पण काही नाही. एक मिनिट, दोन, तीन. आतून फक्त काच तडकल्याचे आवाज.

“वाजत नाही म्हणजे हलतोय, बाय,” अंकल मास्क ओढता ओढता म्हणाले. “सुधारला बघ पोरगा.” मलाही बरं वाटलं. लाज वाटते आता, पण वाटलं.

अंकल आणि बिजू आत गेले. वरच्या तिन्ही खोल्या बघितल्या. रेडिओवर अंकलचा आवाज आला की इथे कोणीच नाही. ना खिडकीतला माणूस, ना प्रकाश.

तेवढ्यात तेज व्हिलाच्या मागून धावत आला. “सिस्टर, पीछे दो आदमी हैं, पेड़ के नीचे.”

आयुष्यात पहिल्यांदा मी बोर्ड सोडला. प्रकाशची चावी मुठीत घेऊन पळाले.

बोरीखाली एकच माणूस होता. प्रकाश. सावलीत, कुशीवर निजवलेला, मास्क काढून बाजूला ठेवलेला, उशाशी पाण्याची बाटली. डोळे मिटलेले. मागच्या दारापासून झाडापर्यंत वाळूत त्याच्या टाचांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. सेट पाठीवरच होता, हिरवा दिवा लुकलुकत होता, आवाज नाही.

मी गुडघ्यावर बसले. मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि नाडी मोजायला लागले. नर्सचा हात, तो आपोआप मोजतो. प्रकाश हलत नव्हता, मी हलत नव्हते. वीस सेकंद झाले आणि सेट चिवचिवला. तीस झाले आणि किंचाळला.

यंत्र धडधाकट होतं, बाबांनो. म्हणजे मी पोचेपर्यंत तो हलत होता. मी चावी घातली, तिसऱ्या खेपेला बसली आणि आवाज बंद झाला.

बंब आला, आग विझली. त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा पाहिला. आत कोणी नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स वाटेत होती, तोवर आम्ही प्रकाशला क्लिनिकमध्ये आणून ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. बावतीस अंकल त्याचा पाय धरून ढसाढसा रडले. रडतच म्हणाले की तुझा सेट वाजला नाही, तू पास, तू माझ्या टीममध्येच राहणार, पोरीला सांग जाऊन.

त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. प्रकाशने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि नाही म्हणून मान हलवली.

“मी नाही हललो, अंकल. मी जिन्यातच गोठलो होतो. तिथंच पडलो.” मग तो माझ्याकडे वळला, अगदी अपराधी चेहरा करून. “सिस्टर, तुम्ही शिवलेला हात पुन्हा उसवला ओ त्यांचा. मला ओढताना.”

अंकल माझ्याकडे बघायला लागले. स्टोअरची किल्ली माझ्या खिशात होती. मी ड्रॉवर उघडला, मोठी सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, आणि कुलूप काढायला गेले.