शनिवारी जाळे काढणे

लिहायचं धाडस करतोय, माफ करा. माझी मराठी फरीदाबादची, हिंदी मिसळलेली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजारी मावशीसाठी आई नागपूरला गेली, बाबा कारखान्यात. मग मी भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावला: बुधवारी बाथरूम, शनिवारी ‘जाळे काढणे’.

वरच्या मजल्यावरची काकू हसली. “जाळे? मासे धरणारेस का रे? जळमटं म्हणतात त्याला! आणि असा झाडू मारत बसलास तर नापास होशील. आईला बोलावून घे.”

नाही बोलावलं. शब्दही खोडला नाही. दर शनिवारी आधी कोपरे झाडले, मगच पुस्तक उघडलं.

काल निकाल आला. सगळ्या विषयांत पास झालो.