वरच्या मजल्यावरचं 'ओल्सू'

आमच्या वरच्या मजल्यावर कोरियन बाई राहायला आली तेव्हा चहा घेऊन आधी मीच गेले होते. तिचा नवरा महाडच्या एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्यात मशिनरी बसवायला आलेला. बाई गाते म्हटल्यावर मला वाटलं, चला, सोबत झाली. मीही गाते आणि शिकवते. महाडातल्या निम्म्या मुलींचे सूर मी लावून दिलेत.

पण तिचं गाणं ऐकलं आणि मी गारच पडले. तंबोरा नाही, पेटी नाही. हातात एक पंखा, आणि आवाज असा, की माझ्या विद्यार्थिनीचा असता तर हळद-दूध सांगून घरी पाठवली असती. त्यांच्यात म्हणे तो घोगरेपणा मुद्दाम कमावतात, धबधब्यासमोर गाऊन गाऊन घसा फोडतात. गाणं म्हणजे एक लांबलचक गोष्ट, थोडी बोलत, थोडी गात सांगायची. ताल तीन-तीनच्या झोक्यात. एकेक सूर ती इतका हलवायची, की तो परत जागेवर येतो की नाही या काळजीनं मलाच घाम फुटायचा.

साथीला फक्त एक ढोल लागतो, आणि ढोल वाजवायला तिच्याकडे कोणी नव्हतं. तिथे आमचे हे घुसले.

हे मूळचे पोलादपूरजवळच्या कुडपण गावचे, एसटीतून रिटायर झालेले. गावात नाचाला ढोलकी वाजवायचे. लग्न झालं आणि ढोलकी माळ्यावर गेली. माझ्या रियाझाच्या वेळी हे पेपर वाचतात. कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत शहाण्यासारखे बसतात, शेवटी टाळ्या वाजवतात आणि वाटेत भाजी काय आहे ते विचारतात. अख्ख्या संसारात एक 'वा' नाही. मीही मागितलं नाही. मागून घेतलेली दाद काय कामाची?

वर मात्र तिनं खाणाखुणा करून सांगितलं, ढोलवाल्यानं मध्ये मध्ये ओरडायचं, नाहीतर गाणं अर्धवट राहतं. झालं! माझ्या डोक्यावर रोज "ओल्सू!" ओल्सू म्हणजे कोरियन 'वा'. ती श्वास घ्यायला थांबली की ओल्सू. पंखा मिटला की ओल्सू. कुडपणच्या पठारावर गुरं हाकारायचा तो आवाज, तो मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. माझी फोडणी करपली.

मग एका रविवारी हे त्या दोघांना कुडपणला घेऊन गेले, बाईला धबधब्यासमोर गायचं होतं म्हणून. मलाही नेलं, डबे धरायला. पाण्यापुढे तिचा आवाज फाटत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. त्याचाच जास्त राग आला. यांचे तर डोळे भरलेले.

येताना पोलादपूरला चहाला थांबलो. ती दोघं जरा लांब उभी होती, तेव्हा मी विचारलंच, "अहो, मला कधी 'वा' म्हणालात?"

हे बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "तुजं गाणं तुज्यापाशीच पुरं होतं गो. मी नसलो तरी चालतं. तिचं माज्याबिगर पुरं होत नाय."

घरी पोचेपर्यंत मी रिकामे डबेच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रियाझाला बसले. समोर पेपर. बंदिशीचा मुखडा घेतला आणि समेच्या अलीकडे थांबले, मुद्दाम. पेपर हलला नाही. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच थांबले. या वेळी पेपर खाली आला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नजर हटवली नाही. मग यांनी मांडीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "ओल्सू!"

इतक्या वर्षांनी दाद मिळाली, तीही तिची उष्टी. सम जायला नको म्हणून घेतली.